जावयाला पाचांपैकी पाच

स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसल्या बसल्या खाली वाकून बँडवाल्याला "तुम्हाला या कामात समाधान मिळतं का?" असं विचारणारा नवरदेव अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच निपजला, आणि देवाने तो नेमका माझ्या लेकीला दिला. मारुतीच्या पाया पडून मिरवणूक मांडवाकडे निघाली होती. पिपाणीवाला बिचारा वाद्य तोंडातून काढून विचारात पडला. पिपाणी थांबली म्हणून ढोल थांबला, ढोल थांबला म्हणून नाचणारी पोरं थांबली, आणि केडगावच्या भर रस्त्यात वऱ्हाड असं उभं राहिलं की मागच्या ट्रकवाल्यांना वाटलं पुढे अपघात झाला. मी पुढे पळत गेलो. बघतो तर नवरदेव घोड्याच्या मानेवर ओणवे झालेले, मुंडावळ्या घोड्याच्या कानात अडकलेल्या, आणि तो पिपाणीवाला डोळे पुसत सांगतोय, "साहेब, दुसऱ्याच्या लग्नात वाजिवता वाजिवता सोताचं लगीन ऱ्हाऊन गेलं बगा." मी म्हणालो, "जावईबापू, अक्षता पडू द्या, मग काय ते ईचारा." तर ते घोड्यावरूनच मला म्हणतात, "मामा, एकदा अक्षता पडल्या, जेवणं झाली, की हा माणूस खरं सांगणार नाही." मुहूर्त हुकता हुकता राहिला. भटजींनी मंगलाष्टकं पळवली म्हणून निभावलं.

आमचे जावई कॉलेजात व्यवस्थापन शिकवतात. म्हणजे कारखाना कसा चालवावा, माणसं कशी सांभाळावीत, हे ते पोरांना सांगतात. त्यांनी स्वतः कारखाना सोडा, आमच्या अंगणातला नळ एकदा तरी नीट बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि शिकवतात तेही तासावर. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मधल्या वेळात स्कूटरवर. कायम व्हायचं तर पीएच.डी. झाली पाहिजे, आणि पीएच.डी.साठी त्यांनी विषय घेतला तो असा की कामाच्या जागी माणूस बरा असतो का, आणि नसला तर का नसतो. लेकीने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "ह्यो काय ईषय हाय व्हय? कामाच्या जागी मानूस कामात असतो." मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण एमआयडीसीत लेथवर केस पांढरे केले आहेत, आणि माझं हे म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्याही डोक्यात माशीसारखा बसला. हाकलला की उठायचा आणि पुन्हा तिथेच येऊन बसायचा.

जावयांना समोर माणूस दिसला आणि तो काही काम करत असला, की राहवत नाही. आमच्या न्हाव्याकडे दाढीला बसले तर त्याचा वस्तरा यांच्या गळ्यावर असताना त्याला विचारतात, "दिवसभर उभं राहून तुमच्या मनावर ताण येत असेल ना?" तो म्हणाला, "साहेब, आत्ता आलाय. बोलू नगा." आमच्या घरी आले की स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात आणि त्याला कार्यस्थळ म्हणतात. आमच्या हिचा ओटा हिच्या उंचीला जास्त होतो, म्हणून हिचे खांदे दुखतात, असं त्यांनी शोधून काढलं आणि सुताराकडून एक बुटका पाट करून आणला. यावर उभं राहून पोळ्या लाटायच्या. ही दोन दिवस जावयाच्या शब्दाला मान देऊन पाटावर चढली, तिसऱ्या दिवशी उतरताना भेलकांडली, आणि तेव्हापासून त्या पाटावर लोणच्याची बरणी बसते. जावई आले की बरणी खाली, ही वर. गेले की बरणी वर. खांद्यांचं विचारलं की ही म्हणते, "लई आराम हाय." जावई खूश. जावयाला खोटं सांगण्याचा पाया आमच्या घरातच असा घातला गेला होता, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या चुलत्यांचा दहावा होता. नदीकाठी पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसलाय, मान वाकडी करून बघतोय, पण खाली येत नाही. भाऊबंदांनी काय काय कबूल केलं. पोरीचं लग्न करतो म्हणाले, बांध सारखा करतो म्हणाले. सगळं गाव त्या कावळ्याकडे डोळे फाडून बघत उभं. तेवढ्यात जावई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामा, त्या कावळ्यावर केवढा ताण आहे!" मी म्हणालो, "गप ऱ्हावा, दुखवट्याची जागा हाय." ते म्हणाले, "अहो, इतक्या माणसांनी टक लावून बघितल्यावर कुणाच्या हातून काम होईल? सगळ्यांना पाठ फिरवून बसायला सांगा." मी अर्थातच सांगितलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, मोठ्यांदा. आणि गाव इतकं कंटाळलं होतं की खरोखर सगळ्यांनी पाठ फिरवली. थोड्या वेळाने मागे पंख फडफडल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून आमच्या गावात दहाव्याला कावळा अडला की म्हातारी माणसं म्हणतात, "जावयाचा उपाय करा." आमचं गाव पाथर्डीकडचं. तिथे माझं नाव निघायला जन्म गेला. जावयांचं एका कावळ्यात निघालं.

आणि एवढं सगळ्या जगाच्या जिवाला जपणाऱ्या या माणसाची स्वतःची तऱ्हा म्हणाल तर डोळे आत गेलेले, भाकरी पचत नाही, घास घेतला की छातीवर हात. लोकांच्या सुखाचा अभ्यास करून करून यांना पित्त झालं. लेक म्हणायची, "आबा, ह्यांना तुम्हीच काहीतरी सांगा, ह्यांना झोप नाही." काय सांगणार? कारण मला एक गोष्ट मनातून लागलेली होती. या माणसाने न्हाव्याला विचारलं, बँडवाल्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं, आमच्याकडे दूध घालणाऱ्याला फाटकात अडवून विचारलं. मला मात्र कधीच विचारलं नाही. मी उत्तर तयार करून बसलो होतो. येऊन ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, "मामा, गुडघे कसे आहेत?" म्हणायचे. गुडघे! आपण होऊन बोलायला मी काही कमी मानी नाही. नाही विचारायचं तर नका विचारू.

मग अभ्यासाला कारखाना हवा होता. त्यांनी बऱ्याच गेटांवर हेलपाटे घातले. तुमची माणसं सुखी आहेत का, असं विचारायला आलेल्या माणसाला कुठला मॅनेजर आत घेणार? सगळीकडे "मेल करा" म्हणून परत. शेवटी लेकीने माझ्यापुढे शब्द टाकला. मी पांढरा सदरा इस्त्री करून घेतला, टोपी नीट घातली, आणि माझ्या जुन्या कारखान्याच्या गेटावर जाऊन उभा राहिलो. पंपाचे सुटे भाग बनवतात तिथे. मी निवृत्त झालो तरी त्या शेडमधली अर्धी माणसं आमच्या गावची, मीच एकेक करून चिकटवलेली. नवा मॅनेजर माझ्या पोराच्या वयाचा, पण उठून उभा राहिला. म्हणाला, "तुमचे जावई आहेत ना? मग या." बास. जे काम यांच्या इंग्रजी पत्रांनी झालं नाही ते माझ्या टोपीने झालं, हे मी घरी आल्यावर दोन-चार वेळा बोलून दाखवलं.

जावई प्रश्नांचे कागद घेऊन शेडमध्ये गेले. कागदावर एकेक वाक्य, आणि पुढे एक ते पाच आकडे. वाक्य अजिबात पटलं नाही तर एकावर खूण, पुरतं पटलं तर पाचावर. संध्याकाळी परत आले ते डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, कपाळाला गुलाल. मी म्हणालो, "ह्यो अभ्यास का ईलेक्शन?" म्हणाले, "मामा, काय माणसं आहेत हो! एकानेही कागद कोरा ठेवला नाही." त्या दिवशी ते पोटभर जेवले. लेक माझ्याकडे बघून हसली. मी मिशीवरून हात फिरवला.

ते सगळे आकडे त्यांनी कॉम्प्युटरात भरून त्यांच्या पुण्याच्या गाईड मॅडमना पाठवले. काही दिवसांनी मॅडमचा फोन आला तेव्हा ते माझ्याच ओसरीवर बसले होते. नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" चाललं होतं, आणि चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. झालं होतं असं, की सगळ्यांनी सगळ्या वाक्यांना पाच दिले होते. 'मला माझं काम आवडतं', पाच. 'सकाळी कामावर जायचं म्हटलं की नको वाटतं', पाच. 'साहेब माझं ऐकून घेतात', पाच. 'इथे माझं कुणीच ऐकत नाही', त्यालाही पाच. मॅडम म्हणाल्या होत्या, "ही माणसं एकतर संत आहेत, नाहीतर तुम्ही हे कागद घरी बसून भरलेत." आणि दिवाळीच्या आत खरी माहिती आली नाही, तर मुदत संपणार, नाव कमी होणार. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात आणि जन्मभर तासावर. लेक दारात उभी होती. तिने ऐकलं आणि आत गेली.

मी दाविदला बोलावून घेतला. दाविद आमच्या गावचा, चर्चच्या आळीतला. माझ्या शेजारच्या मशीनवर त्याचं आयुष्य गेलं, आता शेडमध्ये सगळ्यांत जुना तोच. आला, चहा घेतला, आणि मी विचारलं तेव्हा त्याला काही चुकलंय हेच कळेना.

"मग काय करायचं हुतं आमी?" तो म्हणाला. "गावचा जावई पैल्यांदा शेडमधी आला. त्याला काय तीन द्यायचं का चार? जावयाच्या ताटात वाढताना हात आखडत्यात का कुठं?"

"आरं, पर वाक्य तरी वाचली का?"

"वाचली की. वाक्याचा काय संबंध? त्या धोंडीबाच्या पोरानं एका ठिकानी चार दिलं हुतं. आमी समद्यांनी झापला त्याला. गावाची इज्जत घालवतो का म्हनलं. खोडून पाच केलं."

मी जावयांकडे बघितलं. मला वाटलं आता हे रडतील. तर ते हळूहळू हसायला लागले, आणि इतके हसले की छातीवर हात धरून खाली बसले. मग डोळे पुसले. म्हणाले, "म्हणजे मामा, मी जावई आहे तोवर मला कुणी खरं सांगणार नाही."

"मग आता फारकत घेता का काय?" मी म्हणालो.

आतून ही ओरडली, "तुमच्या जिभंला काय हाड हाय का न्हाई!"

त्यानंतर ते सकाळीच कुठेतरी जायला लागले. लेकीला विचारलं तर म्हणायची, "अभ्यासाला." एके दिवशी मी न्हाव्याकडे बसलो होतो. त्याने फेस लावला, वस्तरा परजला आणि म्हणाला, "आबा, राग मानू नगा, पर तुमचं जावई कंपनीच्या कँटीनमधी ग्लास धुत्यात म्हनं. समदी एमआयडीसी बोलती." माझी अर्धी दाढी झाली होती. मी तसाच उठलो. ज्या शेडमध्ये माझ्या शब्दाला मान होता, तिथे माझ्या लेकीचा नवरा लोकांचे उष्टे ग्लास विसळतोय! आमच्याकडे जावई जेवून उठला तर त्याचं ताट उचलायला घरात चढाओढ लागते. मी रिक्षा केली आणि थेट गेट गाठलं. वॉचमन ओळखीचा, त्याने माझा अर्धा पांढरा गाल बघितला आणि काही न विचारता आत सोडला. मनात ठरवलं होतं की दंडाला धरून बाहेर काढायचा. मग पीएच.डी. जाऊ दे नाहीतर राहू दे.

कँटीनच्या मागच्या दाराशी आलो आणि थबकलो. जेवणाची सुट्टी होती. जावई बाहेरच्या नळाशी उकिडवे बसून ग्लास विसळत होते, शेडकडे पाठ करून. नवे नवे असताना माणसं म्हणे धावत यायची, "अहो जावईबापू, ठिवा ते!" म्हणून हातातून ग्लास हिसकावून घ्यायची. पण रोजचं झाल्यावर कोण धावणार? आता पोरं येता-जाता त्यांच्या पुढ्यात ग्लास आपटून "मास्तर, ह्यो बी घ्या" म्हणत होती. आणि त्यांच्या मागे कट्ट्यावर डबे सोडून माणसं बसली होती, आपापसात बोलत. म्हणजे बोलत होती एकमेकांशी, पण जावयांच्या पाठीला ऐकू जाईल असं. ते वळत नव्हते. हुं करत नव्हते. पाण्याचा आवाज तेवढा येत होता, तोही बारीक. नळ त्यांनी मुद्दाम बारीक सोडला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

दाविद बोलत होता. "माझ्या मशीनीपाशी खिडकी हुती," तो म्हणाला. "बाहेर निंबाचं झाड हुतं. शेड वाढिवली तवा भित घातली, खिडकी गेली. आता भाईर ऊन हाय का आभाळ हाय, काय कळत न्हाई. सांच्याला गेटाभाईर आलो की वाटतं, आजचा दीस कुनीतरी आपल्या माघारी वापरून टाकला."

"मग सांगायचं की साहेबाला," कुणीतरी म्हणालं.

"काय सांगू? पगार मागत्यात, सुट्टी मागत्यात. खिडकी कुनी मागतं व्हय? लोकं हसतील."

मी दाराआड उभा. त्या भिंतीच्या अलीकडे मीही वर्षानुवर्षं उभा होतो. आम्ही एका डब्यात जेवलो, एका बसने आलो-गेलो, त्याच्या पोरीच्या लग्नात मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो होतो. हे मला त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही मला माहीत होतं. खिडकीतून काय माल येतो का, म्हणालो असतो. मी तसाच मागे फिरलो, न्हाव्याकडे जाऊन उरलेली अर्धी दाढी केली आणि घरी आलो. संध्याकाळी जावई जेवायला बसले. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त उठताना मी म्हणालो, "ग्लास इसळताना बाही वर सारत जावा. भिजती." त्यांचा घास हातात राहिला. हिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायची.

सगळ्यांच्या संमतीने, नावं न घालता, त्यांनी ते सगळं लिहून काढलं. मॅडमनी दिवाळीच्या आत घेतलं, आणि पुढे पीएच.डी. झाली. कारखान्यात खिडकी अजून झालेली नाही. मॅनेजर बघू म्हणालाय. पण दाविद भेटला की विचारतो, "जावयाच्या पुस्तकात माझी खिडकी हाय न्हवं?" मी म्हणतो, हाय. "मंग बरं," म्हणतो आणि जातो. माणसाला एवढ्याने बरं कसं वाटतं, हे मात्र मला अजून उलगडलेलं नाही.

कायमची नोकरी लागली ती पार चंद्रपूरकडे. सकाळी टेम्पो यायचा होता, आणि आदल्या संध्याकाळी जावई आमच्या अंगणात बसून पुस्तकांचं खोकं बांधत होते. आत मायलेकींचं भरणं चाललं होतं. तो बुटका पाट चंद्रपूरला न्यायचा की नाही, यावर वाद होता. मी ओसरीवर. शेवटी राहवलं नाही. म्हणालो, "जावईबापू, समद्या जगाला ईचारलंत. मला कधी ईचारलं न्हाई."

ते म्हणाले, "मामा, तुम्ही मला पाचांपैकी पाच दिले असते."

 माझं तयार करून ठेवलेलं उत्तर खरंच तेच होतं. 'लई सुखात हुतो,' एवढंच. जावयाला आणखी काय सांगणार?

 त्यांनी खोकं उचललं, जागच्या जागी फिरले, आणि माझ्याकडे पाठ करून बसले. दोरी काढली आणि बांधायला लागले.

अंगणात कुणी नव्हतं. मी सुरुवात कुठून केली ते आठवत नाही. बहुतेक शेवटच्या दिवसापासून केली असावी. शाल दिली, हार घातला, फोटो काढले, आणि सगळे चहाला गेल्यावर मी शेडमध्ये परत जाऊन मशीनवर हात ठेवला, तर ती कोमट होती. म्हणून मी ती निवेपर्यंत तिथेच उभा राहिलो. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. मग मागचं आलं, त्याच्याही मागचं आलं. चांगलं होतं ते आलं, नव्हतं तेही आलं.  जावई वळले नाहीत.

खोकं बांधून झालं होतं, ते मला दिसत होतं. चारी बाजूंनी गाठी पक्क्या बसल्या होत्या. त्यांनी हात झटकले. मग एकेक गाठ सावकाश सोडली, दोरी सरळ करून मांडीवर घेतली, आणि तेच खोकं पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.